सिल्व्हरस्टोन : विमानतळाचा शर्यतमार्ग कसा झाला

मंडळी, माती आणि घट हा दृष्टांत आपल्या चांगला परिचयाचा. माती हे उपादान, कुंभार हे निमित्त, आणि कुंभार ठरवेल तो आकार. आज आपण अशी एक जागा बघू, जिथे आकार आधी झाला आणि त्याचा उपयोग करणारा मागाहून आला. ती जागा म्हणजे इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन.

१९४३ साली ब्रिटिश हवाई दलाने इथल्या शेतजमिनीवर तळ सुरू केला. त्रिकोणात एकमेकींना छेदणाऱ्या तीन धावपट्ट्या, आणि विमानं तिथवर नेण्यासाठी भोवताली एक रस्ता. हा तळ मुख्यतः शिकवण्याचा. वेलिंग्टन जातीच्या दोन इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानांवर तरुण पोरं रात्रीचं उड्डाण शिकायची. या युद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडची ५५ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांतली काही हजार तर मोहिमेवर जाण्याआधीच, शिकता शिकता अपघातात गेली. हे लक्षात असू द्या.

युद्ध संपलं. मोटारशर्यतींची हौस होती, पण जागा कुठे होती? ब्रुकलँड्सचा जुना ट्रॅक विमानकारखान्यांकडे गेलेला, डॉनिंग्टन लष्करी वाहनांनी भरलेलं. फ्रान्स-इटलीत रस्ते बंद करून शर्यती होत. इंग्लंडात कायदा आड येई. मग उरले ते ओस पडलेले विमानतळ. १९४७ मध्ये काही हौशी मंडळींनी सिल्व्हरस्टोनवर परवानगीविनाच गाड्या पळवल्या. एका गाडीखाली मेंढी आली, म्हणून त्या शर्यतीचं नाव पडलं 'मटण ग्रां प्री'!

पुढच्याच वर्षी रॉयल ऑटोमोबाइल क्लबने जागा भाड्याने घेतली. २ ऑक्टोबर १९४८ ला रीतसर ग्रां प्री झाली आणि इटलीचा लुइजी व्हिलोरेसी जिंकला. मार्ग आखला होता गवताच्या भाऱ्यांनी आणि तेलाच्या पिंपांनी. धावपट्ट्यांवर गाड्या समोरासमोर येत, म्हणून मधे कापडी पडदे लावले होते. १९४९ मध्ये धावपट्ट्या सोडून भोवतालचा रस्ता घेतला. १३ मे १९५० ला जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची पहिलीच शर्यत इथे झाली. राजे सहावे जॉर्ज हजर होते, आणि अल्फा रोमिओ घेऊन ज्युसेप्पे फारिना जिंकला. आपल्याकडेही मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातल्या धावपट्टीवर अनेक वर्षं शर्यती झाल्या.

आता कोणी म्हणेल, युद्ध गेलं, खेळ आला, छान झालं. आम्हाला ते इतकं सरळ वाटत नाही. इथे नव्या प्रयोजनाने आकार घडवला नाही. विमानांसाठी वळवलेल्या रस्त्याने शर्यतीची वळणं ठरवली. पुढे मार्ग अनेकदा बदलला, तरी त्याचा पाया तोच. आणि नावं बघा. एका सरळ पट्ट्याचं नाव हँगर स्ट्रेट, दुसऱ्याचं वेलिंग्टन स्ट्रेट. समालोचक दर वर्षी ती उच्चारतो, आपण टीव्हीवर ऐकतो.

पण वेलिंग्टन हे विमानाचं नाव, आणि ते शिकताना किती पोरं परतली नाहीत, हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसेल, तर ही स्मृती म्हणायची का? आमचं उत्तर 'नाही' असं आहे. जागेने आकार जपला, नावही जपलं. अर्थ जपण्याचं काम मात्र ती करू शकत नाही. ते आपलं आहे. इतिहास शिकायचा तो त्यासाठी.