विकीच्या एकेका पानाची सजावट

विकीवरचा मजकूर बदलण्याची मुभा पहिल्या दिवसापासून सगळ्यांना होती. पान दिसावे कसे, हे ठरवण्याची मुभा मात्र फार सावकाश आणि अटींसह मिळाली. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिले विकी सुरू केले तेव्हा ठळक अक्षरे, यादी, आडवी रेघ अशा मोजक्या खुणांवरच काम भागत असे. वेबपानांचे रंग, अक्षरे आणि समास ठरवणारी सीएसएस ही भाषा हाकोन व्हियुम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये सुचवली होती. तिची पहिली अधिकृत आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये आली. म्हणजे विकी आणि सीएसएस जवळपास जुळी भावंडे, पण त्यांची नीट गाठ पडायला दोन दशके लागली.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, तर मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी. विकिपीडियासाठी खास लिहिलेल्या प्रणालीला पुढे ‘मीडियाविकी’ हे नाव मिळाले. २००४ मध्ये तिच्यात ‘मोनोबुक’ हे नवे रूप आले आणि सजावटीचे दोन हक्क ठरले. संपूर्ण संकेतस्थळाचे शैलीपान फक्त प्रचालकांच्या हाती राहिले. प्रत्येक सदस्याला स्वतःचे शैलीपान मिळाले, पण त्याचा परिणाम दिसे तो त्याच्या एकट्याच्या पडद्यावर. या दोहोंच्या मधली जागा, म्हणजे एखादे ठरावीक पान सर्व वाचकांना वेगळे दिसावे ही सोय, जवळजवळ रिकामीच होती.

कोणती भिंत कोणी सजवायची, हा प्रश्न विकीपुरता नाही. डहाणू-तलासरीच्या वारली घरांत गेरूने रंगवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात. हो, ‘लिहितात’च म्हणतात. तो मान सुवासिनींचा. भिंत घरची असली तरी चौकाला रीत आहे, कारण त्याच्यासमोर सगळे गणगोत जमते. विकीचे पानही असेच: लिहिणारे अनेक, पाहणारे त्याहून अनेक.

विकीवरच्या त्या मधल्या जागेत एकच वाट होती. तक्त्याच्या किंवा चौकटीच्या खुणेतच ‘स्टाइल’ हा गुण लिहून रंग, रुंदी, कडा ठरवायच्या. मुखपृष्ठे, दालने, सदस्यपाने अशीच सजली. तलासरी तालुक्यातल्या वेवजीसारख्या गावाच्या पानावर उजवीकडे माहितीचौकट असते ती साच्यातून, म्हणजे अनेक पानांत एकदमच वापरता येणाऱ्या सामाईक पानातून येते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला, तेव्हा जिल्ह्याचे नाव गावागणिक पानांवर बदलणे भाग होते. चौकटीचा रंग मात्र साच्यात बदलला की सगळ्या पानांवर बदलतो. साच्याचा हा मोठा फायदा. पण साच्याच्या पोटात तोच रंग, तीच कडा प्रत्येक ओळीला पुन्हा पुन्हा लिहावी लागे. एखादी ओळ निसटली की चौकट विजोड दिसे.

त्याहून मोठी अडचण मोबाइलची. पडदा अरुंद असेल तर दोन रकाने एकाखाली एक यावेत, ही अट ‘स्टाइल’ गुणात लिहिताच येत नाही. तिला स्वतंत्र शैलीपान लागते. संगणकासाठी मांडलेली दोन रकान्यांची मुखपृष्ठे फोनवर चेंगरत. देवनागरीला तर ही सोय अधिकच हवी. रोमन अक्षरांच्या मापाने ओळींमधले अंतर ठेवले तर वेलांट्या आणि उकार एकमेकांना भिडतात, आणि रोमन लिपीत शोभणारा तिरका ठसा देवनागरीत वाचताना खटकतो.

मग मुभा का दिली नाही? भीती होती, आणि ती खरी होती. ४ ऑक्टोबर २००५ रोजी सॅमी कामकार या तरुणाने मायस्पेस या समाजमाध्यमावरच्या आपल्या पानाच्या शैलीत पार्श्वचित्राच्या जागी एक छोटी आज्ञावली दडवली. ते पान जो पाही, त्याच्या पानावर ती आपोआप उतरे. सुमारे २० तासांत १० लाखांहून अधिक पाने बाधित झाली. त्या काळच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये सीएसएसमधूनच आज्ञावली चालवता येई. शिवाय बाहेरच्या चित्राचा पत्ता शैलीत घातला तर वाचक कुठून आला हे तिसऱ्यालाच कळे. म्हणून मीडियाविकी ‘स्टाइल’ गुणातूनही असे पत्ते गाळत असे. पॅट्रिक मिशो यांच्या पीएमविकी या दुसऱ्या विकी-प्रणालीत एकेका पानासाठी वेगळी सीएसएस फाइल ठेवता येई; मात्र ती सर्व्हरवर ठेवायची असल्याने अधिकार सर्व्हरमालकाकडेच राहिला.

तोडगा निघाला तो बंदीतून नव्हे, चाळणीतून. मार्क-आंद्रे पेल्तिए यांनी सुरू केलेला आणि ब्रॅड जॉर्श यांनी नव्याने बांधलेला ‘टेम्पलेटस्टाइल्स’ हा विस्तार २०१८ मध्ये विकिपीडियांवर आला. साच्याच्या उपपानावर शैली लिहायची आणि साच्यात एका खुणेने ती मागवायची. जतन करतानाच प्रत्येक नियम तपासला जातो; धोक्याचा किंवा अनोळखी नियम असेल तर पान जतनच होत नाही. प्रत्येक नियमापुढे मजकुराच्या चौकटीचे नाव आपोआप जोडले जाते, त्यामुळे बाजूचे दुवे किंवा वरची बटणे शैलीच्या कक्षेत येत नाहीत. हे काम सामान्य सदस्यालाही करता येते, आणि इतिहासात त्याची नोंद राहते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संकेतस्थळाची सामाईक शैलीपाने बदलण्याचा हक्क सर्वसाधारण प्रचालकांकडून काढून एका छोट्या खास गटाकडे दिला गेला. एक दार उघडले, दुसरे अधिक घट्ट झाले. हा क्रम योग्यच होता.

जुनी सजावट मात्र एका रात्रीत गेली नाही. २०२४ मध्ये विकिपीडियावर गडद रंगाचे रूप आले, तेव्हा ‘स्टाइल’ गुणात कोरलेले फिके रंग उघडे पडले: पार्श्वभूमी पांढुरकी तशीच राहिली, अक्षरे मात्र पांढरी झाली. जिथे रंग साच्याच्या शैलीपानात होते, तिथे गडद रूपासाठी नियम एकदाच लिहून भागले. जिथे ते पानोपानी विखुरले होते, तिथे पान उघडून रंग हाताने वेचावे लागतात.