ग्रामाभिमुख वैद्यकीय शिक्षण
आरोग्यसेवेपासून दूर राहिलेल्या समाजासाठी डॉक्टर घडवणारी शिक्षणपद्धती. भारतातील आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच 'सामाजिक वैद्य' घडवण्याची शिफारस केली होती. महाराष्ट्रात या विचाराला ठोस रूप मिळाले ते सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत. डॉ. सुशीला नायर यांनी ती १९६९ मध्ये स्थापन केली. येथे नवे विद्यार्थी आधी गांधीजींच्या आश्रमात राहतात. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तेथे मुक्काम करते आणि नेमून दिलेल्या कुटुंबांकडे पुन्हा पुन्हा जाते. या पद्धतीचे खरे बळ पुन्हा पुन्हा जाण्यातच आहे. रोजंदारी बुडते म्हणून क्षयाचे औषध मध्येच सुटते, हे बाह्यरुग्ण विभागात बसून क्वचितच कळते.

गावात वेळ घालवल्याने वैद्यकीय कौशल्य कच्चे राहते, हा आक्षेप टिकत नाही. रुग्ण उपचार का सोडतो हे ओळखणे हाही कौशल्याचाच भाग आहे. दुसरा आक्षेप वजनदार आहे : केवळ प्रशिक्षणाने डॉक्टर खेड्यात टिकत नाहीत. ते खरेच आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत ग्रामीण विद्यार्थ्यांची निवड आणि ग्रामीण अनुभव यांच्याबरोबर चांगले राहणीमान व व्यावसायिक आधारही सुचवला आहे. नुसत्या ग्रामीण सेवेच्या बंधपत्राच्या सक्तीने डॉक्टर खेड्यात टिकणार नाहीत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सेवाग्रामसारखाच कुटुंब दत्तक कार्यक्रम आता देशभरातील एमबीबीएस अभ्यासक्रमात आणला आहे. त्यातील कुटुंबभेटी नोंदवहीपुरत्या उरल्या, तर तो व्यर्थ ठरेल.