कूड

मुंबईत उतरणाऱ्या गोव्यातील ख्रिस्ती पुरुषांसाठी गाववार चालवलेले सामाईक बिऱ्हाड. पाटीवर आणि कागदोपत्री ‘क्लब’ असाच उल्लेख असतो. उगम एकोणिसाव्या शतकात. वस्ती मुख्यतः धोबीतलाव, कावेल, गिरगाव आणि माझगाव या भागांत. धोबीतलावच्या जेर महालात बरेच कूड एकाच छपराखाली आहेत. (खालचे कयानी हे १९०४ सालचे इराणी हॉटेल साऱ्या मुंबईला ठाऊक आहे, वरचे मजले फारसे कोणाला नाहीत.) कूडव्यवस्थेवर ओल्गा वालादारिस यांनी १९५८ साली मुंबई विद्यापीठात प्रबंध लिहिला.

स्वरूप : कूड म्हणजे बहुधा एकच मोठी खोली. एका टोकाला गावच्या पालक संताचा आल्तार (वेदी), भिंतीलगत सभासदांच्या पेट्या. पेटीवर मालकाचे नाव रंगवलेले. कपडे, कागदपत्रे, गावी न्यायच्या भेटवस्तू, सारे तिच्यात. लिहायला आणि जेवायला टेबलही तीच. रात्री मधल्या मोकळ्या जागेत चटया पसरायच्या. संध्याकाळी तेर्साला (जपमाळेच्या प्रार्थनेला) हजर राहणे सक्तीचे असे आणि वर्षातून एकदा संताचे फेस्त (सण) होई. गावचा माणूस असणे ही मुख्य अट. वर्गणी अल्प. काही गावांचे जातवार वेगवेगळे कूड होते. त्यावर लिहिणारे सहसा एका वाक्यात उरकतात. स्त्रियांना राहण्यास प्रवेश नसे.

उतरणाऱ्याची सोय : कूडात आचारी, वादक, शिंपी आणि बेकरी-कामगारही राहत, मात्र या व्यवस्थेचे खरे मर्म तारवटींच्या, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांच्या, वापरात दिसते. पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया अशा कंपन्यांच्या बोटींवर गोवेकर खलाशी स्वयंपाकघरात आणि उतारूंच्या सेवेत असत. बोट बंदराला लागली, पगाराचा हिशेब चुकता झाला की त्या माणसाला जहाजावर जागा नाही, शहरात घर नाही आणि गावाकडची गाडी किंवा आगबोट लगेच मिळेलच असे नाही. ही मधली रात्र, क्वचित मधले काही महिने, कूडाने सांभाळले. हमालाच्या डोक्यावर सामान देऊन तो सरळ धोबीतलावला येई. आंघोळ, धुतलेले कपडे, गावाकडून आलेली पत्रे आणि गावाला निघालेली सोबत एकाच ठिकाणी मिळे. दुसऱ्या बोटीवर नाव लागेपर्यंतचा मुक्कामही तिथेच. तो समुद्रावर असताना सभासदत्व चालू राही. पेटी जागच्या जागी असे.

गोऱ्या खलाशांची व्यवस्था निराळी होती. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी बांधलेले रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम १८७६ साली पूर्ण झाले. पुढे त्या वास्तूत विधिमंडळ भरले आणि आज तिथे महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे. एवढी भव्य वास्तू हाती असल्याने बंदराच्या इतिहासकारांनी तिच्यावर पानेच्या पाने खर्ची घातली. गोवेकरांनी स्वतःच्या वर्गणीतून चालवलेल्या खोल्यांची दखल मात्र तुरळकच घेतली गेली.

गोव्याचा रस्ता : कूडातला मुक्काम किती लांबेल हे परतीच्या वाटेवर ठरे. मुरगावची मीटरगेज रेल्वे १८८८ साली कॅसलरॉकमार्गे ब्रिटिश हिंदुस्थानातील रेल्वेला जोडली गेली. मुंबईहून जाताना गाडी बदलावी लागे. आगबोट हा दुसरा मार्ग. भारताने १९५५ मध्ये पोर्तुगीज गोव्याच्या केलेल्या नाकेबंदीत दोन्ही मार्ग तुटले आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत येणेजाणे परवान्यांच्या कचाट्यात राहिले. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाल्यावर रात्रीची गाडी धरून सकाळी घर गाठता येऊ लागले.

तियात्र : तियात्र हा गोव्यातील ख्रिस्ती समाजाचा कोकणी नाट्यप्रकार. पहिला तियात्र ‘इटालियन भुरगो’ १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईतच झाला. कूडांतले रहिवासी हा या रंगभूमीचा हक्काचा प्रेक्षक.

लालबाग-परळची गावकीची खोली : कोकणातल्या हिंदू चाकरमान्यांनी गिरणगावात केलेली याच जातीची सोय. भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरलेला मुलगा वळकटी घेऊन गावमंडळाच्या खोलीवर येई; गिरणीत लागेपर्यंत त्याची वर्गणी कोणीतरी नातेवाईक भरी. पाळीनुसार झोपायचे आणि खानावळीत जेवायचे. खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बसल्या आणि या खोल्यांचा पायाच गेला.

आधुनिक सोयी : उतरणाऱ्याला आज रेल्वेच्या विश्रामकक्षाचे आरक्षण प्रवास संपतो त्या स्थानकावरही करता येते. मुंबई सेंट्रलला २०२१ साली पॉड हॉटेल सुरू झाले. विमानतळावरील सभासदांचे लाउंज मात्र मुळात निघणाऱ्यासाठी बेतलेले. अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर पहिले लाउंज उघडले. मुंबईच्या टर्मिनल दोनमध्ये (२०१४) कार्डावर मिळणारी लाउंज प्रामुख्याने सुरक्षा तपासणीच्या पलीकडे आहेत. पुढचा बोर्डिंग पास नसलेला उतारू सामान घेऊन बाहेर पडला की त्याचे कार्ड तिथे निरुपयोगी. लंडनच्या हीथ्रोवर ब्रिटिश एअरवेजने उतरणाऱ्यांसाठी न्हाणीघरे आणि न्याहारी असलेले वेगळे लाउंज ठेवले आहे, पण ते मुख्यतः वरच्या वर्गाच्या उतारूंना. आता बोटीवर रुजू होणारे खलाशीही विमानाने जातात, विमानानेच परततात.

सद्यःस्थिती : कूडांची संख्या घटली आहे. बरेचसे जुन्या भाडेकरारावर आहेत. पुनर्विकासात जागेचा मोबदला मंडळाला मिळावा की सभासदांना, हा वादाचा विषय ठरतो. व्हिसा, मुलाखत किंवा परळच्या टाटा रुग्णालयातील उपचार यांसाठी आलेले गावकरी अजूनही उतरतात.