निरोगी देहावरील शस्त्र

शल्यवैद्याच्या हातातील शस्त्राला समाजाने मान्यता दिली, ती एका अलिखित अटीवर. रोगाने होणारी हानी शस्त्राच्या इजेहून मोठी असेल, तरच ते चालवावे, ही ती अट होय. केवळ सौष्ठवासाठी मेद काढण्याच्या शल्यक्रियेचा इतिहास हा या अटीच्या कसोटीचा इतिहास आहे.

चरकसंहितेत निंद्य मानलेल्या आठ देहप्रकारांत अतिस्थूलाची गणना आहे. परंतु त्यावरील उपाय आहार, व्यायाम व औषधे यांचे आहेत. पोटावरील लोंबता मेद कापून काढणारे बाल्टिमोरचे हॉवर्ड केली १८९९ साली पुढे आले. तेथे निदान व्याधीचे निमित्त तरी होते. पहिल्या महायुद्धानंतर स्त्रियांचे झगे आखूड झाले, पोटऱ्या दिसू लागल्या आणि पॅरिसमधील एका तरुणीला त्या अधिक सडपातळ हव्याशा वाटल्या. शार्ल दुजारिए हे नाणावलेले शल्यविशारद. त्यांनी शस्त्रक्रिया केली. पायाला कोथ झाला आणि अखेर तो कापावा लागला.

१९२९ साली न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. निरोगी अवयवावर केवळ रूपासाठी धोक्याची शस्त्रक्रिया करणे हाच मुळी दोष आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. १९३१ साली वरिष्ठ न्यायालयाने हे सरसकट तत्त्व मान्य केले नाही. तथापि धोक्याची पुरेशी जाणीव रुग्णाला न दिल्याची जबाबदारी वैद्यावर कायम ठेवली.

पुढे १९६० नंतरच्या दशकात जर्मनीत योझेफ श्रुडे यांनी लहान छेदातून मेद खरवडून काढण्याचा प्रयत्न केला. पण धारदार उपकरणाने रक्तवाहिन्या तुटत आणि पोकळीत रक्त व लस साचे. रोममधील फिशर पितापुत्रांनी १९७० नंतरच्या दशकात शोषणाची नळी आणली. १९७७ साली पॅरिसचे इव्ह-जेरार इलूझ यांनी एका तरुणीच्या पाठीवरील मेदाची गाठ, मोठा व्रण राहू नये म्हणून, बोथट नळीने शोषून काढली. बोथट टोक रक्तवाहिन्या व मज्जातंतूंना न तोडता त्यांच्यामधून वाट काढते, हे त्या युक्तीचे मर्म. तरीही रक्तस्राव बराच होई. १९८५ साली कॅलिफोर्नियातील जेफ्री क्लाइन यांनी लिडोकेन हे बधिरक व रक्तवाहिन्या आकुंचित करणारे ॲड्रेनलिन पुष्कळ द्रवात मिसळून मेदात भरण्याची पद्धत सुरू केली. रक्तस्राव फार कमी झाला आणि संपूर्ण भुलीचीही गरज उरली नाही.

येथेच या इतिहासातील विपर्यास दिसतो. जुना धोका टळला, म्हणून धाडस वाढले. अधिक मेद, अधिक द्रव, एकाच वेळी अनेक शस्त्रक्रिया, आणि त्याही पुष्कळदा रुग्णालयाबाहेरील खासगी चिकित्सालयात! मेदात भरलेले लिडोकेन रक्तात सावकाश उतरते. त्याचे प्रमाण शिगेला पोहोचते ते कित्येक तासांनी, म्हणजे रुग्ण घरी परतल्यावर.

१९९९ साली न्यूयॉर्क शहरातील अशा पाच मृत्यूंचे वृत्त प्रसिद्ध झाले. तिघांचा रक्तदाब शस्त्रक्रिया चालू असतानाच एकाएकी कोसळला होता. एक मृत्यू द्रवाच्या अतिभाराने, तर एक फुप्फुसात गुठळी अडकून झाला होता. पुढच्या वर्षी अमेरिकन शल्यविशारदांच्या पाहणीत ४,९६,२४५ शस्त्रक्रियांमागे ९५ मृत्यू आढळले. सुमारे पाच हजारांत एक. गुठळीखालोखाल कारण होते पोटातील अवयवाला छिद्र पडण्याचे. त्याच २००० साली फ्लोरिडा राज्याने खासगी चिकित्सालयांतील मोठ्या शस्त्रक्रियांना काही काळ स्थगिती दिली आणि काढावयाच्या मेदावर मर्यादा घातली.

पाच हजारांत एक हे प्रमाण एखाद्या जीवघेण्या रोगावरील उपचारात उपेक्षणीय ठरले असते. पण येथे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात रोग नाही. २००४ साली अमेरिकेत पंधरा स्थूल स्त्रियांचा सुमारे दहा किलो मेद शोषून काढण्यात आला; तरी इन्सुलिनचे कार्य वा रक्तदाब यांत सुधारणा आढळली नाही. ही शस्त्रक्रिया आकार देते, आरोग्य देत नाही.

उपकरणे सुधारली, औषधे सुधारली, कायदेही झाले. कुशल हातांनी, माफक प्रमाणात आणि सुसज्ज रुग्णालयात ही क्रिया बहुधा निर्विघ्न पार पडते, हेही खरे. परंतु पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयाने वैद्यावर ठेवलेला भार आजही उतरलेला नाही. ज्या देहाला व्याधी नाही, त्याच्या धन्याला संपूर्ण सत्य सांगितल्यावाचून त्यावर शस्त्र उचलता येत नाही.