पेरी-इम्प्लांटायटिस

पेरी-इम्प्लांटायटिस हा दंतरोपणाभोवतीच्या ऊतींचा दाहजन्य विकार आहे. यात हिरडीला सूज येते आणि रोपणाला आधार देणारे जबड्याचे हाड क्रमाने झिजते. रोपणावर साचणारा जिवाणूंचा थर हे त्याचे मुख्य कारण होय. सुरुवातीस वेदना नसल्याने विकार बहुधा उशिरा लक्षात येतो.

निदान

तपासणीत हिरडीतून रक्त वा पू येतो व क्ष-किरण चित्रात हाडाची पातळी खालावलेली दिसते. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार, पूर्वीच्या नोंदी नसल्यास रक्तस्रावासह किमान ६ मिमी खोल कप्पा आणि किमान ३ मिमी अस्थिक्षय हे निकष धरतात.

शस्त्रक्रिया

प्रथम शस्त्रक्रियेविना स्वच्छता केली जाते. ती अपुरी ठरल्यास हिरडी उघडून रोपणाचा पृष्ठभाग स्वच्छ करतात. गरजेनुसार हाडाला आकार देऊन कप्पा उथळ केला जातो किंवा खड्ड्यासारख्या दोषात अस्थिकलम भरले जाते.

दीर्घकालीन परिणाम

शस्त्रक्रियेनंतर अनेक रुग्णांत हाडाची पातळी काही वर्षे स्थिर राहते. मात्र विकार उलटण्याचे प्रमाण लक्षणीय आहे व काही रोपणे अखेर काढावी लागतात. आरंभीचा अस्थिक्षय जितका अधिक, तितके यश कमी. गुळगुळीत पृष्ठभागाच्या रोपणांत परिणाम खडबडीत रोपणांपेक्षा चांगले आढळले आहेत. धूम्रपानामुळे यशाची शक्यता घटते. क्ष-किरण चित्रात दोष भरलेला दिसला, तरी हाड रोपणाला पुन्हा जोडले गेले असे सिद्ध होत नाही. तसेच रोपण जबड्यात टिकणे म्हणजे ते रोगमुक्त असणे नव्हे. त्यामुळे दैनंदिन स्वच्छता व नियमित तपासणी आयुष्यभर आवश्यक ठरते.