पापडीची पतपेढी आणि आपल्या पूर्व पट्ट्याचं कर्ज



मी चांदीपचा. ख्रिस्ती नाही, पण वसईत बरीच वर्षं येणं-जाणं असल्याने ख्रिस्ती मित्र खूप. आपल्या पूर्व पट्ट्यात हल्ली चार माणसं जमली की एकच विषय निघतो: कुणाची जमीन गेली आणि मोबदला किती आला. म्हणून आज पैशाबद्दलच लिहितो, पण जरा जुन्या गोष्टीतून.

बॅसिन कॅथॉलिक बँक आपल्या तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. तिची सुरुवात १९१८ ची, मोन्सिनियर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंनी केलेली. मला नेहमी प्रश्न पडायचा, की देवावर भरवसा ठेवा, उद्याची चिंता करू नका, असं सांगणारा फादर पतपेढी कशाला काढेल?

याचं उत्तर जर्मनीत सापडतं. १८४६-४७ च्या हिवाळ्यात तिकडे दुष्काळ पडला. रायफायझन नावाचा एक श्रद्धाळू ख्रिस्ती माणूस तेव्हा एका लहान गावाचा प्रमुख होता. त्याने सुखवस्तू लोकांकडून पैसे जमवून गरिबांना धान्य आणि भाकरी दिली. पुढे शेतकऱ्याला सावकारापासून सोडवायलाही त्याने दात्यांचीच मदत घेतली. पण हळूहळू त्याच्या लक्षात आलं, की दात्यांचा उत्साह फार काळ टिकत नाही. घेणाऱ्याची मानही खाली जाते. मग १८६४ मध्ये त्याने हेडेसडॉर्फला नव्या पद्धतीची पतपेढी काढली. ज्यांना गरज आहे त्यांनीच सभासद व्हायचं. सभासद एकमेकांना ओळखणारे, एकाच परिसरातले. कर्ज कशासाठी हवंय ते सांगायचं. आणि सगळ्यात मोठी अट म्हणजे पतपेढी बुडाली तर प्रत्येक सभासद आपल्या सगळ्या मालमत्तेनिशी जबाबदार.

विचार करा, शेजाऱ्याच्या कर्जासाठी आपली जमीन पणाला लावायची! दान द्यायला मोठं मन लागतं, पण याला त्याहून मोठं लागतं. पहिल्या ख्रिस्ती मंडळींनी आपली मालमत्ता सगळ्यांच्या गरजेसाठी एकत्र केली होती असं बायबलमध्ये आहे. मला ही त्याचीच हिशोबाच्या वहीत बसवलेली आवृत्ती वाटते.

१८९० च्या दशकात मद्रास सरकारचे अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी ही पद्धत अभ्यासून भारतासाठी सुचवली. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९०९ मध्ये छोटा नागपुरात फादर हॉफमन यांनी मुंडा आदिवासींसाठी कॅथॉलिक पतसंस्था काढली. आणि १९१८ मध्ये वसई. म्हणजे मोनिस फादरांचं काम एकट्याचं नव्हतं, त्यामागे अशी एक वाट होती. देवावर भरवसा ठेवणं म्हणजे हिशोब सोडून देणं नव्हे. भरवसा असेल तरच माणूस आपली शिल्लक मुठीत न धरता शेजाऱ्याच्या हाती देतो.

आता आपल्या बाजूचं बोलू. पश्चिमेला पतपेढी उभी राहत होती, तेव्हा जुन्या ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत 'लग्नगडी' होते. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. ते फिटायचेच नाहीत. १९४५ मध्ये डहाणू-तलासरीकडे वारली उठले, श्यामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा. तरी १९८० च्या दशकातही आपल्याच वसई तालुक्यातल्या दहिसरमध्ये विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना वेठबिगार सोडवावे लागले.

तालुका एकच. मधे एक रेल्वेलाईन आणि थोडे डोंगर. कॅथॉलिक पतपेढी, नावावरूनच कळतं, एका समाजातून उभी राहिली. ओळखीतल्या माणसांवरचा विश्वास हीच तिची ताकद. पण ओळखीच्या बाहेरचा माणूस सावकाराच्या दारातच राहिला. हा दोष एकट्या त्यांचा नाही. आपल्या बाजूला ज्यांच्याकडे जमीन होती, त्यांनी तरी काय केलं?

आज मोबदल्याचे पैसे येतात आणि त्याचबरोबर गाडी, बंगला, हळदीचा डीजे. शेजारच्या पाड्यावरची बाई मात्र आठवड्याच्या हप्त्यासाठी दुसरं कर्ज काढते. समाधान म्हणजे गरिबाने गप्प बसणं, असं मी मानत नाही. ज्याच्याकडे आहे त्याने 'आता मला पुरे' म्हणायचं, ते समाधान. त्या उरलेल्यातूनच पतपेढी उभी राहते.

मोबदला मिळालेल्या दहा घरांनी थोडी थोडी रक्कम एकत्र केली, हिशोब गावासमोर उघडा ठेवला आणि पाड्यावरच्या बायकांनाही सभासद केलं, तर? शंभर वर्षांपूर्वी एका फादरला जमलं. आपल्याला का जमू नये?