दिनविशेष : ४ जानेवारी
संयुक्त राष्ट्रांनी २०१९ पासून जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळण्यास सुरुवात केलेला हा दिवस लुई ब्रेल यांचा जन्मदिवस होय. पॅरिसनजीकच्या कूव्रे गावी १८०९ मध्ये जन्मलेल्या ब्रेल यांच्या डोळ्यात, वयाच्या तिसऱ्या वर्षी वडिलांच्या खोगीर-लगामांच्या कारखान्यात खेळताना, चामड्याला भोके पाडण्याची आरी घुसली आणि पुढे संसर्ग पसरून दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. शार्ल बार्बिये यांच्या बारा टिंबांच्या लिपीतील चिन्ह बोटाच्या टोकाखाली मावत नसल्याने ब्रेल यांनी १८२४ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, दोन उभ्या रांगांत तीन-तीन अशी सहा उठावदार टिंबांची रचना सिद्ध केली, जिच्यातून ६३ चिन्हे बनतात. मराठीसह भारतीय भाषांसाठी याच रचनेवर बेतलेली भारती ब्रेल १९५१ मध्ये स्वीकारली गेली.

आयझॅक न्यूटन यांची जन्मतारीखही हीच (१६४३), अर्थात आजच्या ग्रेगरियन कालगणनेनुसार. तत्कालीन इंग्लंडात जुनी ज्युलियन कालगणना चालू असल्याने तेथे त्या दिवशी २५ डिसेंबर १६४२, म्हणजे नाताळ होता.

ब्रेल १८५२ मध्ये निवर्तले, आणि पॅरिसमधील ज्या अंधशाळेत ते शिकले व पुढे शिक्षक झाले, तिने त्यांच्या लिपीला अधिकृत मान्यता दिली ती दोन वर्षांनंतर. हा विलंब अक्षम्यच म्हटला पाहिजे.